विश्लेषण : गरीब राज्ये श्रीमंत राज्यांना गाठत का नाहीत?

एकच चलन, एकच बाजारपेठ, एकच राज्यघटना आणि आता एकच वस्तू व सेवा कर. तरीही २०२३-२४ मध्ये बिहारमधील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांच्या आसपास होते आणि तेलंगणमधील माणसाचे साडेतीन लाखांहून अधिक. म्हणजे जवळपास सहा पट अंतर. गरीब प्रदेश वेगाने वाढून श्रीमंत प्रदेशांना गाठतात, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. भारतात गेल्या सहा दशकांत बऱ्याच अंशी उलटेच घडले. निधीवाटपाच्या भांडणापासून मतदारसंघ फेररचनेच्या वादापर्यंत आज केंद्र-राज्य संबंधांत जो ताण दिसतो, त्याच्या मुळाशी हीच दरी आहे.

आकडे काय सांगतात?

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांच्या कामगिरीचा १९६०-६१ ते २०२३-२४ असा दीर्घ आढावा प्रसिद्ध केला. संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी तो लिहिला आहे. त्यात प्रत्येक राज्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या किती टक्के आहे, हे मोजले आहे. देशाची सरासरी १०० धरली तर २०२३-२४ मध्ये तेलंगण १९३.६, कर्नाटक १८०.७, हरियाणा १७६.८, तमिळनाडू १७१.१ आणि महाराष्ट्र १५०.७ वर होते. बिहार मात्र ३३ च्याही किंचित खाली. हाच बिहार १९६०-६१ मध्ये ७० वर होता. म्हणजे गेल्या साठ वर्षांत तो जागच्या जागी राहिला नाही, तर मागे गेला.

पश्चिम बंगालची घसरण तर आणखी बोलकी आहे. १९६०-६१ मध्ये देशाच्या एकूण उत्पादनात या राज्याचा वाटा १०.५ टक्के होता आणि दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून २७ टक्क्यांनी अधिक होते. २०२३-२४ मध्ये वाटा ५.६ टक्क्यांवर आला आणि दरडोई उत्पन्न सरासरीच्या ८३.७ टक्के झाले. राजस्थान आणि ओडिशा ही परंपरेने मागास मानली गेलेली राज्येही आज या निकषावर बंगालच्या पुढे आहेत. याउलट कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण, केरळ आणि तमिळनाडू या पाच राज्यांचा मिळून देशाच्या उत्पादनातील वाटा आता सुमारे ३० टक्के आहे. १९९१ च्या आधी याच दक्षिणेची कामगिरी डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती.

या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगायला हवी. २००० मध्ये बिहारमधून झारखंड आणि उत्तर प्रदेशातून उत्तराखंड वेगळे झाले. खाणी आणि कारखाने झारखंडकडे गेल्याने बिहारचा आकडा त्या वर्षी एका फटक्यात खाली आला. पण झारखंड मिळवूनही जुन्या बिहारचा वाटा ७.८ टक्क्यांवरून सव्वाचार-साडेचार टक्क्यांवर आलेला दिसतो. त्यामुळे विभाजन हे घसरणीचे पूर्ण स्पष्टीकरण नाही.

गरीब प्रदेश पुढच्याला गाठतात, हे गृहीतक आले कुठून?

रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वाढीच्या सिद्धान्तातून. जिथे यंत्रे आणि भांडवल कमी, तिथे घातलेल्या प्रत्येक नव्या रुपयाचा परतावा जास्त; म्हणून भांडवल गरीब प्रदेशाकडे वळते, मजूर श्रीमंत प्रदेशाकडे जातात आणि कालांतराने दरी मिटते. याला अर्थशास्त्रात ‘अभिसरण’ म्हणतात. रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील राज्ये आणि जपानमधील प्रांत तपासले. तेथे दरी दरवर्षी साधारण दोन टक्क्यांनी कमी होत असल्याचे त्यांना आढळले. वेग फारसा नाही. दरी निम्मी व्हायला ३५ वर्षे लागतात. पण दिशा ठरलेली होती.

स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी मात्र १९५७ मध्येच वेगळा इशारा दिला होता. पुढे गेलेला प्रदेश मागच्या प्रदेशातील भांडवल, हुशार तरुण आणि उद्यमी माणसे ओढून घेतो; त्यामुळे पुढचा आणखी पुढे जातो आणि मागचा आणखी रोडावतो, असे त्यांचे म्हणणे. भारताचा अनुभव सोलोंपेक्षा मिर्दाल यांच्या बाजूने झुकणारा आहे. अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना सादर झालेल्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात याला ‘कोडे’ म्हटले गेले. त्या अहवालानुसार जगातील गरीब देश श्रीमंत देशांना हळूहळू गाठत होते, चीनमधील प्रांतांतही दरी कमी होत होती. भारतातील राज्यांत मात्र ती वाढत होती. दोन देशांमध्ये सीमा, व्हिसा, आयात शुल्क असे अडसर असतात. एका देशाच्या आत ते नसतात. मग दरी आत तरी लवकर मिटायला हवी होती. कोडे आहे ते इथे.

पूर्व भारत मागे का पडला?

याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. सर्वात जुने कारण जमिनीचे. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगाल, बिहार आणि ओडिशाच्या भागात कायमधारा पद्धत लागू केली. सारा जमीनदाराने वसूल करायचा, सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि उरलेले स्वतः ठेवायचे. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत बऱ्याच भागात रयतवारी होती. तिथे सरकारचा संबंध थेट कसणाऱ्याशी येई. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जमीनदारी असलेल्या जिल्ह्यांत स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणूक आणि उत्पादकता कमी राहिल्याचे दाखवून दिले. जमीनदारी कायद्याने गेली, तरी जमिनीचे तुकडे आणि गावातील सत्तेची उतरंड तशीच राहिली. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार बिहारमधील सरासरी शेतजमीन ०.३९ हेक्टर आहे, म्हणजे एका एकराहूनही कमी. देशाची सरासरी १.०८ हेक्टर आहे.

दुसरे कारण दिल्लीत घडवलेले. छोटा नागपूरच्या पठारावर लोहखनिज आणि कोळसा शेजारी-शेजारी सापडतात. जमशेदजी टाटांच्या पोलाद कारखान्याने याच कारणाने साकची गाठले, त्याचे पुढे जमशेदपूर झाले. कच्चा माल जवळ असणे हा पूर्वेचा नैसर्गिक फायदा होता. १९५० च्या दशकात केंद्राने मालवाहतूक समानीकरणाचे धोरण आणले. पोलाद, सिमेंट अशा वस्तू देशात कुठेही नेल्या तरी वाहतूक खर्चासह दर सारखाच. हेतू चांगला होता, सर्व प्रदेशांत कारखाने निघावेत हा. परिणाम असा झाला, की पोलाद जर पुण्यात, लुधियानात आणि चेन्नईत त्याच भावाने मिळत असेल तर यंत्रे बनवणाऱ्याने कोलकात्याजवळ कारखाना काढावा कशाला? त्याने बंदर आणि बाजारपेठ जवळ असलेली जागा निवडली. पश्चिमेच्या कापसाला मात्र असे समानीकरण कधी लागू झाले नाही, ही बंगाल आणि बिहारच्या राजकारण्यांची तक्रार आजही ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे.

हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळले गेले. तोवर चार दशके उलटली होती. अभियांत्रिकी उद्योग, त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने, प्रशिक्षित फिटर-टर्नर, बँका, तंत्रनिकेतने हे सगळे पश्चिम आणि दक्षिणेत रुजले होते. एकदा जमलेला उद्योग दर बदलले म्हणून उठून परत जात नाही. शिवाय बंगालमधील १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील संप, घेराव आणि नक्षलवादी हिंसाचार यांनी भांडवल बाहेर पळण्याचा वेग वाढवला होता. म्हणून सगळा दोष समानीकरणावर टाकणे हे सोयीचे असले, तरी अपुरे आहे.

मग दक्षिणेने काय वेगळे केले?

उदारीकरणाने १९९१ मध्ये परवाने काढून टाकले, तेव्हा गुंतवणूकदाराला जागा निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि त्याने तयार मनुष्यबळ असलेली जागा निवडली. दक्षिणेत ती तयारी आधीच सुरू झाली होती. तमिळनाडूने शाळेत जेवण देण्याची योजना १९८२ मध्ये मोठ्या प्रमाणावर राबवली, कर्नाटक आणि आंध्रात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये झपाट्याने निघाली. त्यांच्या दर्जावर टीका झाली, ती रास्तही होती. पण माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना हजारोंच्या संख्येने हवे असलेले पदवीधर तिथूनच मिळाले. आजही अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार (२०२१-२२) तमिळनाडूत महाविद्यालयीन वयाच्या १०० तरुणांमागे ४७ प्रवेश आहेत, बिहारमध्ये १७.

जन्मदराचाही यात हात आहे. दक्षिणेत तो लवकर घटला. त्यामुळे कमावत्या वयाच्या माणसांचे प्रमाण वाढले आणि दरडोई आकडा सुधारला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बिहारचा एकूण जननदर ३.० होता, तमिळनाडूचा १.८ आणि महाराष्ट्राचा १.७. बिहारची अर्थव्यवस्था २००५ नंतर बराच काळ देशापेक्षा वेगाने वाढली, पण त्या वाढीचा मोठा हिस्सा वाढलेल्या डोक्यांत विभागला गेला. सल्लागार परिषदेच्या अहवालानेही गेल्या दोन दशकांत बिहारची घसरण थांबल्याची नोंद घेतली आहे. मात्र घसरण थांबणे आणि दरी मिटणे यांत फार अंतर आहे. साधे गणित करून पाहता येईल. बिहारचे दरडोई उत्पन्न आज देशाच्या एक-तृतीयांश आहे. ते देशापेक्षा दरवर्षी दोन टक्के बिंदूंनी जास्त वेगाने वाढत राहिले, तरी देशाची सरासरी गाठायला ५५ ते ६० वर्षे लागतील. फरक एकाच टक्के बिंदूचा असेल, तर शंभराहून अधिक.

भांडवल गरीब राज्यांकडे का वळत नाही?

सोलोंच्या सिद्धान्ताप्रमाणे ते वळायला हवे. बँकांचे आकडे नेमके उलटे बोलतात. बँकेत जमा झालेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी किती रुपये त्याच राज्यात कर्ज म्हणून दिले जातात, याला कर्ज-ठेव गुणोत्तर म्हणतात. तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात ते शंभराच्या पुढे आहे. बिहारमध्ये ते वर्षानुवर्षे निम्म्याच्या आसपास रेंगाळले आहे. दरभंग्यातील निवृत्त शिक्षकाने मुदत ठेवीत टाकलेले पैसे त्याच्या गावातील तरुणाच्या दुकानासाठी नव्हे, तर हैदराबादमधील इमारतीसाठी किंवा मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीसाठी वापरले जातात. बँकेचा शाखाधिकारी याला जबाबदार नाही. कर्ज मागणारा उद्योगच नसेल, जमिनीच्या नोंदी अपुऱ्या असतील, तारण ठेवायला स्वच्छ कागद नसेल, तर तो कर्ज देणार कुणाला? बिहारमध्ये सध्या सुरू असलेल्या जमीन सर्वेक्षणाला म्हणूनच साध्या महसुली कामापेक्षा अधिक महत्त्व आहे.

माणसे तर स्थलांतर करतात, मग त्याने दरी का मिटत नाही?

२०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने रेल्वेच्या अनारक्षित प्रवासाच्या आकडेवारीवरून अंदाज बांधला होता, की २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सरासरी ९० लाख लोक कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. हा आकडा आधीच्या जनगणनांवरून बांधलेल्या अंदाजांपेक्षा बराच मोठा आहे. पण यातील बहुतेक माणसे कुटुंब गावी ठेवून एकटी जातात आणि सणाला, पेरणीला परततात. अमेरिकेत दक्षिणेकडील राज्यांतून उत्तरेकडे गेलेली कुटुंबे तिथेच स्थिरावली. भारतातील स्थलांतरिताला शहरात भाड्याची खोली परवडत नाही, मुलांची शाळा परक्या भाषेत असते, मतदानाची नोंद गावाकडे असते. शिधापत्रिका कुठेही चालण्याची सोय २०१९ नंतर टप्प्याटप्प्याने झाली, तीही टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावी निघाल्याचे देशाने पाहिल्यावर वेगाने.

यजमान राज्यांचे दारही नेहमी उघडे नसते. हरियाणाने खासगी क्षेत्रातील ७५ टक्के नोकऱ्या स्थानिकांसाठी राखणारा कायदा केला. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला. कर्नाटकने जुलै २०२४ मध्ये असे विधेयक आणले आणि उद्योगांच्या विरोधानंतर ते थांबवले. मुंबईलाही हा वाद नवा नाही. गंमत अशी, की स्थलांतर रोखावे म्हणणारी राज्ये आणि निधीवाटपात गरीब राज्यांना जास्त पैसे देऊ नका म्हणणारी राज्ये अनेकदा एकच असतात. माणसेही इकडे येऊ द्यायची नाहीत आणि पैसेही तिकडे जाऊ द्यायचे नाहीत, तर दरी मिटायला वाट उरते कोणती?

स्थलांतराचा एक परिणाम मात्र उत्पन्नाच्या आकड्यांत दिसतच नाही. राज्याचे उत्पादन मोजताना वस्तू किंवा सेवा जिथे तयार झाली, तिथेच ती धरली जाते. सुरतच्या यंत्रमागावर बिहारी कामगाराने विणलेले कापड गुजरातच्या खात्यात जाते. त्याने गावी पाठवलेले पैसे बिहारच्या उत्पन्नात धरले जात नाहीत. म्हणून घरखर्चाचे आकडे पाहिले, की चित्र बदलते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण बिहारमधील दरडोई मासिक खर्च ३,३८४ रुपये होता आणि ग्रामीण भारताचा ३,७७३. म्हणजे उत्पन्नात एक-तृतीयांश असलेले राज्य गावांच्या खर्चात सरासरीच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचते. ग्रामीण तमिळनाडूचा खर्च ५,३१० रुपये, बिहारच्या दीडपटीहून थोडा जास्त. उत्पन्नातील तफावत मात्र पाच पटींहून अधिक. अर्थात अशा पाहण्यांत श्रीमंत घरांचा खर्च कमी नोंदला जातो आणि बिहारमध्ये शहरेच कमी असल्याने गावांची तुलना त्याला अनुकूल ठरते. पण हे दोन्ही वजा केले, तरी मनीऑर्डरची जागा घेतलेल्या यूपीआयने आणि रेशनच्या धान्याने दरीची धार बोथट केली आहे, हे नाकारता येत नाही. ‘बोथट’ हाच शब्द योग्य. बिहार सरकारने २०२३ मध्ये केलेल्या जातनिहाय गणनेत राज्यातील ३४ टक्के कुटुंबांचे मासिक उत्पन्न सहा हजार रुपये किंवा त्याहून कमी आढळले होते.

आरोग्याची दरी मिटली का?

बऱ्यापैकी. २००५ मध्ये बिहारमध्ये हजार जन्मांमागे ६१ अर्भके वर्षभरात दगावत, देशाचा आकडा ५८ होता. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत बिहारचा अर्भक मृत्युदर २७ होता, देशाचा २८. केरळचा ६ होता, त्याच्याशी तुलना होणार नाही. पण देशाच्या सरासरीपाशी बिहार पोहोचला. लसी, रस्ते, आशा कार्यकर्त्या आणि रुग्णालयातील बाळंतपण यांना मोठा कारखाना लागत नाही. सरकारने ठरवले, तर तुलनेने थोड्या पैशांत हे साधते. उत्पन्नाचे तसे नाही.

केंद्राच्या तिजोरीतून समतोल का साधत नाही?

राज्यांना मदत कोणत्या सूत्राने द्यायची, हा प्रश्न जुना आहे. १९६९ मध्ये नियोजन आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आले. त्यात लोकसंख्येला ६० टक्के आणि दरडोई उत्पन्नातील मागासपणाला १० टक्के भार होता. नियोजन आयोग गेला, आता मुख्य भिस्त वित्त आयोगावर आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि तो वाटताना ‘उत्पन्नातील अंतर’ या निकषाला ४५ टक्के भार दिला. त्यामुळे उत्तर प्रदेशला वाटपातील १७.९ टक्के आणि बिहारला १०.१ टक्के रक्कम मिळाली. महाराष्ट्राला ६.३ टक्के, तमिळनाडूला ४.१ टक्के, कर्नाटकला ३.६ टक्के, केरळला १.९ टक्के.

कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर याच मुद्द्यावर धरणे धरले; दुसऱ्या दिवशी केरळचे सरकार तिथे बसले. आम्ही जास्त कर भरतो, लोकसंख्या आटोक्यात ठेवली आणि त्याचीच शिक्षा भोगतो, असा त्यांचा युक्तिवाद. लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेले आहे आणि घटनेनुसार ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच. त्यानंतर जागाही उत्तरेकडे सरकल्या तर पैसे आणि मते दोन्ही जातील, ही भीती त्यामागे आहे. ती अनाठायी म्हणता येणार नाही.

पण दुसरी बाजूही पाहावी लागते. बिहारच्या महसुलाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग केंद्राकडून येतो. एवढे मिळूनही बिहार सरकार एका नागरिकावर जेवढा खर्च करते, तो देशातील सर्वात कमी खर्चांपैकी आहे. दक्षिणेकडील राज्ये स्वतःच्या करांतून त्याहून कितीतरी अधिक खर्च करतात. म्हणजे वाटप कितीही झुकते असले, तरी गया जिल्ह्यातील मुलीच्या शाळेवर कोइम्बतूरच्या मुलीच्या शाळेइतका पैसा खर्च होत नाही. शिवाय उपकर आणि अधिभार वाटपाच्या रकमेत येतच नाहीत. केंद्राने त्यांचा वापर वाढवला, तशी ४१ टक्क्यांची व्याप्तीच आक्रसली. श्रीमंत आणि गरीब राज्ये एकमेकांशी भांडत असताना या मुद्द्यावर मात्र दोघांचे दुखणे एक आहे. सोळाव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष अरविंद पानगढिया यांच्यासमोर बहुतांश राज्यांनी हा वाटा ५० टक्के करण्याची मागणी केली, यात पक्षभेद फारसा नव्हता.

बिहारची विशेष दर्जाची मागणी केंद्राने जुलै २०२४ मध्ये पुन्हा फेटाळली. त्याच आठवड्यात अर्थसंकल्पात राज्यातील रस्त्यांसाठी २६ हजार कोटी रुपये जाहीर झाले. सूत्राऐवजी आघाडीच्या गरजेने पैसे मिळू लागले, की कुठल्या राज्याला मागास म्हणायचे हे अर्थशास्त्र नव्हे, तर लोकसभेतील आकडे ठरवतात.

कोणी वर आले आहे का?

ओडिशा. एके काळी देशाच्या सरासरीच्या निम्म्यापर्यंत घसरलेले हे राज्य आता ८८ टक्क्यांवर आहे. कलिंगनगर, अंगुल, झारसुगुडा येथील पोलाद आणि ॲल्युमिनियम प्रकल्प, पारादीप आणि धामरा बंदरे, खाणींच्या लिलावातून वाढलेला महसूल आणि तो बऱ्यापैकी शिस्तीने खर्च करणारे प्रशासन यांचा हा परिणाम. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक दगावले होते. २०१९ च्या ‘फनी’त दहा लाखांहून अधिक लोकांना हलवून मृतांची संख्या शंभराच्या आत ठेवली गेली. राज्य चालवण्याची क्षमता वाढल्याची ही खूण. पण कोरापुट, कलाहांडीचा भाग अजून या प्रगतीबाहेर आहे. वर चढून पुन्हा घसरल्याचे उदाहरण पंजाबचे. हरितक्रांतीच्या काळात आघाडीवर असलेले हे राज्य आज सरासरीच्या १०६.७ टक्क्यांवर थांबले आहे. त्यातूनच निघालेला हरियाणा १७६.८ वर आहे.

महाराष्ट्राच्या आतील दरीचे काय?

राज्य सरासरीच्या दीडपट श्रीमंत दिसते ते मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या जोरावर. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली, बुलढाणा या जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्याही खाली आहे. राज्यांमधील दरीवर दिल्लीत आवाज उठवणाऱ्या महाराष्ट्राला हा प्रश्न घरातच विचारला जातो आणि तो १९५३ च्या नागपूर करारापासून विचारला जात आहे.

वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा २३.५ टक्के होता आणि उर्वरित महाराष्ट्राचाही ३७ टक्के, हे अनेकदा विसरले जाते. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे आली, राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देण्याचे अधिकार मिळाले. आकड्यातील अनुशेष भरला जात असताना पुढारलेले जिल्हेही पुढे सरकत होते, त्यामुळे दरी तशीच राहिली. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला; तो वर्षभराहून अधिक काळानंतर विधिमंडळात मांडला गेला आणि त्यावरील चर्चा निधीच्या टक्केवारीत अडकली.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पुनर्गठनाचा ठराव मंत्रिमंडळाने करायला सप्टेंबर २०२२ उजाडला. दरम्यान नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि गडचिरोलीत पोलाद प्रकल्पांची घोषणा होत आहे. महामार्गावरून कारखाने वाशीमकडे येतात की वाशीमचे तरुण पुण्याकडे जातात, हे जिल्हा उत्पन्नाच्या पुढील आकड्यांत दिसू लागेल.